सामरानमावशीच्या काळ्या गोळ्या

बुआफानआजीला तिच्या मुलाने पाठुंगळी घेऊन आणलं. स्ट्रेचर येईपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. भाताची कापणी उरकली होती, थंडी पडली होती, आणि त्या दिवसांत आमच्या तालुक्याच्या इस्पितळात म्हातारी माणसं खोकत-कण्हत येतच असायची. ही खोकत नव्हती. कण्हतसुद्धा नव्हती. अर्धे डोळे मिटून पडली होती, मधूनच कोरडी ओकारी काढत होती, आणि रक्तदाब इतका खाली की यंत्र बिघडलंय असं समजून मी दुसरं आणून लावलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

मी रात्समी. बायकांच्या वॉर्डची नर्स. इथेच माझे केस पिकले.

डॉक्टर फिरावत तेव्हा नवीन होते, बँकॉककडून आलेले. रक्तात जंतू शिरलेत असं धरून त्यांनी उपचार सुरू केले. त्यात चुकीचं काही नव्हतं, मीही तेच धरून चालले असते. पण सलाईनमागून सलाईन संपत गेलं आणि दाब काही वर सरकेना.

"मोन कुठंय?" डॉक्टर म्हणाले. "तिला बोलवा. या आजी घरी काय घेतात ते कळायला हवं, आणि मला कोणी सांगायचं नाही. मी इथली ईसानी बोली बोलायला लागलो की यांना हसू येतं."

मोन म्हणजे दुआंगकामोन, आमची वॉर्डातली फार्मासिस्ट. खिडकीमागे बसून पुडकी देणारी नव्हे. रोज सकाळी डॉक्टरांच्या बरोबरीने खाटा फिरायची. कुणाची किडनी थकली आहे म्हणून डोस कमी करायचा, कुणाला कोणत्या गोळीने चक्कर येते, कोण गोळी उशीखाली लपवतं, घरी गेल्यावर कोण दोन दिवसांत सगळं सोडून देणार आहे, हे तिचं काम. गावाकडचे लोक तिला औषधाची डॉक्टरीण म्हणत.

ती आली आणि काही न विचारता आधी आजीकडे बघत उभी राहिली. तोंड गोल गरगरीत, हातपाय मात्र काटक्या. मनगटावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, तिच्यावर जांभळे डाग. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"मलाही तीच शंका आहे," डॉक्टर म्हणाले. "पण मिळालं कुठून?"

सून खाटेशेजारी फरशीवर बसून चिकट भाताची टोपली उघडत होती. मोन तिच्याजवळ मांडी घालून बसली. भाताचा गोळा वळून तिखटात बुडवत म्हणाली, "वहिनी, आईंचे गुडघे कसे आहेत हो?"

"गुडघे? एकदम झकास! पूर्वी जिना उतरता यायचा नाही. आता दिवसभर मागावर बसतात, वर मलाच आळशी म्हणतात."

"अरे वा. कशाने बरे झाले?"

सून हळूच म्हणाली, "झाडपाल्याच्या गोळ्या आहेत. ते काही औषध नव्हे, म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. उगाच ओरडतात."

"काळ्या? वाटाण्याएवढ्या?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"पाहिल्यात मी. आत्ता घेताहेत का?"

"संपल्या. देणारी देवळात शील पाळायला, व्रताला बसली होती. कालच परतली म्हणे, पण तोवर आईंनी अंथरूण धरलं."

"देणारी कोण?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं, मग मोनकडे, मग टोपलीत. "तुमचीच मावशी. सामरानमावशी."

मोनचा हात तोंडाशी थांबला. तेवढंच. मग तिने भात टोपलीच्या झाकणावर ठेवला, उठली आणि डॉक्टरांना म्हणाली, "गोळ्यांत स्टेरॉईड असणार. बरेच दिवस घेत होत्या, एकदम तुटलंय. तपासणीची वाट बघायला नको."

डॉक्टरांनी वाट पाहिली नाही. मी इंजेक्शन भरलं. संध्याकाळी बुआफानआजीने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "रेशमाच्या किड्यांना पाला कोणी घातला?" सून रडायलाच लागली. आजी तिला म्हणाली, "रडतेस कशाला, घातला नाहीस वाटतं?"

मुलाने घरून बरणी आणली. तळाशी एक गोळी चिकटून राहिली होती. मोनने ती कुटून पाण्यात कालवली, तपासणीची पट्टी बुडवली. शंकेला जागा उरली नाही.

मोनला सामरानमावशीनेच वाढवलं होतं. आई बँकॉकला शिवणाच्या कारखान्यात गेली ती तिकडचीच झाली. मावशीने लग्न केलं नाही. माग चालवला, कोंबड्या पाळल्या, भाचीला विद्यापीठापर्यंत पोचवलं. गावाची आरोग्यसेविकाही तीच. कुणाचा दाब मोजायचा, कुणाच्या बाळाला लशीला न्यायचं, सगळं सामरान. बाजारात एक पिकअपवाला यायचा, तो त्या गोळ्या विकायचा. कुठल्याशा साधूचं नाव आणि मुळ्यांचं चित्र बरणीवर. मावशीने स्वतः घेतल्या, कंबर मोकळी झाली, आणि मग गावातल्या प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला तिने त्या पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी मोन म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चल. मला एकटीने जायचं नाही."

मावशी खांबांवर उभ्या घराखाली मागापाशी बसली होती. शेजारी बांबूच्या बाजेवर गावातलेच खामफानआजोबा विडी ओढत होते. आम्हाला बघताच ते ओरडले, "आली बघ सरकारी डॉक्टरीण! सामरान, तुझं दुकान आता बंद. भाचीने परवाना मागितला तर काय दाखवशील?"

"तुझे पाय दाखवीन," मावशी म्हणाली. "पावसाआधीच्या अग्निबाणांच्या जत्रेत सगळ्यांच्या पुढे कोण नाचत होतं? आदल्या वर्षी तर काठी टेकून रडत होतास."

"नाचलो तो दारूने. गोळ्यांचं नाव कशाला!" आजोबा उठले. "चला, बदकांकडे बघायला हवं. शेतातल्या खोपीवरच राहतोय मी सध्या, पोरगी घरात विडी ओढू देत नाही. मोन, मावशीला फार छळू नकोस."

ते गेल्यावर मोनने सांगितलं. हळू आवाजात, मावशीचा हात हातात धरून. बुआफानआजीला काय झालं, गोळ्यांत काय निघालं.

मावशीचा धोटा हातातच राहिला. "म्हणजे मी विष वाटलं?"

"विष नाही, मावशी. इस्पितळातही आम्ही हेच देतो, पण मोजून आणि लक्ष ठेवून. या गोळ्यांत किती आहे ते बनवणाऱ्यालाही माहीत नसेल. आणि हे नीट ऐक. एकदम बंद केलं तर माणूस कोसळतं. तू कुणाला काही सांगू नकोस. मी डॉक्टरांना घेऊन येते, मग सगळ्यांना एकेक करून बघू."

"हो," मावशी म्हणाली.

"ऐकलंस ना?"

"हो गं, हो. जेवून जा. भात वाफवते."

आम्ही जेवलो. मावशीने मला आग्रह करून वाढलं, मोनच्या पानात माशाचा मधला तुकडा घातला. परतताना गाडीत मोन म्हणाली, "ती फार पटकन हो म्हणाली, ताई."

बुआफानआजीचा मुलगा कपडे आणायला गावी गेला होता, तो खुशीची बातमी घेऊन परतला. "तुमच्या मावशीने कमालच केली. घरोघर जाऊन एकूण एक बरणी गोळा केली आणि तळ्यात ओतली! रडत होती बिचारी. म्हणाली, कुणी तोंडात घालू नका, हे विष आहे, माझ्या मोनने सांगितलंय."

"कधी?" मोनने विचारलं.

"तुम्ही येऊन गेलात ना, त्याच संध्याकाळी."

मोन औषधांच्या खोलीकडे पळाली. मी डॉक्टरांना शोधलं. इस्पितळाच्या पिकअपमध्ये इंजेक्शनं, सलाईन आणि गोळ्यांची खोकी घालून आम्ही निघालो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "किती जण असतील?"

"सगळं गाव," मोन म्हणाली.

पाटलाने भोंग्यावरून हाका घातल्या. लोक देवळाच्या मंडपात जमू लागले, काही चालत, काही नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. बऱ्याच जणांना अंगात त्राण नव्हतं, मळमळत होतं, उभं राहिलं की अंधारी येत होती. थंडी बाधली असं त्यांना वाटत होतं. सामरानमावशी मंडपाच्या खांबापाशी उभी होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि तीही कुणाकडे.

मोनने बरोबर आणलेल्या पांढऱ्या गोळ्या दाखवल्या आणि त्यांतही तेच औषध आहे, पण मोजून, असं सांगितलं. मंडपात कुजबुज झाली. एक म्हातारी तडकून उठली. "अगं, परवा तुझी मावशी म्हणते विष आहे, थुंका. आज तू म्हणतेस तेच पुन्हा गिळा. तुम्ही मावशी-भाची ठरवा आधी, मग या आमच्याकडे!"

"काळी होती ती विष, आणि पांढरी केली की औषध काय?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले, पण ते हसू बरं नव्हतं.

मोन व्यासपीठावरून उतरली आणि त्या म्हातारीसमोर चटईवर बसली.

"आजी, तुझ्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मी करते. सून कारखान्यात जाते."

"समज, उद्यापासून शेजारीण रोज शिजवलेलं आणून देऊ लागली. सकाळ-संध्याकाळ, पोटभर. तू चूल पेटवशील?"

"कशाला पेटवीन?"

"दोन वर्षं तसंच गेलं. चुलीत कोळ्यांनी जाळी केली, सरपण भिजलं, तुझी सवय मोडली. आणि एक दिवस शेजारीण यायची बंद झाली. न सांगता. त्या दिवशी काय खाशील?"

म्हातारी मोनच्या हातातल्या पांढऱ्या गोळीकडे बघू लागली.

"आपल्या शरीरात हे औषध थोडं थोडं आपलं आपण बनत असतं. त्यावर माणूस उभा राहतो, तापाशी झगडतो. काळ्या गोळ्यांतून ते आयतं मिळालं, तेव्हा आतली चूल विझली. ती पेटेल. पण वेळ लागेल. तोवर मी रोज थोडं आणून देणार, दर महिन्याला जरा कमी. एकदम तोडलं तर उपाशी मरशील, आणि कायमचं चालू ठेवलं तर हाडं कुजतील. मला दोन्ही नको आहे."

"आणि गुडघे?"

"गुडघे दुखतील," मोन म्हणाली. "खोटं बोलत नाही. त्याचं वेगळं बघू, पण पूर्वीसारखं नाचता येणार नाही."

मला वाटतं, त्या शेवटच्या वाक्यानेच लोकांचा विश्वास बसला. म्हातारीने हात पुढे केला. "आण इकडे. आणि पाणी दे, कोरडी गिळायला लावतेस की काय."

मग रांग लागली. डॉक्टर एकेकाला तपासत होते, मी दाब मोजत होते. मोन प्रत्येकाच्या हातात गोळी देऊन विचारत होती, "आता मला सांगा, उद्या सकाळी काय करायचं?" चुकीचं सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून. दोघांना आम्ही लगेच इस्पितळात पाठवलं. उरलेले तरून जातील असं वाटलं.

रांग संपत आली तेव्हा मोनने मान वर केली. "खामफानआजोबा कुठंयत?"

त्यांची मुलगी चांथोन चटया गोळा करत होती. "बाबा खोपीवर आहेत. भोंगा तिकडे ऐकू जात नाही. काल... नाही, परवा भात देऊन आले होते मी. जरा सर्दी होती त्यांना."

"त्यांनी बरणी दिली होती?"

"सगळ्यांच्या आधी," खांबापाशी उभी मावशी म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. "मी खोपीवर जाऊन आणली."

कापलेल्या शेतांतून गाडी नेता येईना. बांधावरून आम्ही पळतच गेलो. बदकांचा कलकलाट लांबूनच ऐकू आला. त्यांना कुणी खायला घातलं नव्हतं. आजोबा बांबूच्या माचणावर गोधडीत होते, अंग भाजत होतं, श्वास घरघरत होता. डॉक्टरांनी तिथेच इंजेक्शन दिलं, मी सलाईनची बाटली खोपीच्या वाशाला बांधली. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. मोनला ओळखलं.

"सामरानने सगळं तळ्यात ओतलं," ते म्हणाले. "आता मासे नाचतील बघ."

चांथोन हसली आणि हसता हसता तोंडावर हात घेतला.

फुप्फुसं भरून आली होती. इस्पितळात सगळं केलं. प्रांताच्या मोठ्या इस्पितळातही पाठवलं. तिथे ते गेले.

लाकूडफाटा रचला तेव्हा सामरानमावशी गर्दीच्या मागे उभी होती. भिक्खूंचं पठण संपल्यावर लोक एकेक करून चितेवर चंदनाच्या लाकडाचं फूल वाहायला पुढे जात होते. ती गेली नाही. घरी जाऊन तिने माग झाकून ठेवला. मोन तिच्याकडेच राहायला गेली. रोज सकाळी पांढरी गोळी आणि पाणी समोर ठेवून कामावर यायची, आणि रोज संध्याकाळी गोळी तिथेच असायची. मावशी स्वतःही त्या काळ्या गोळ्या घेत होती, सगळ्यांहून जास्त दिवस.

"तिला उठताना चक्कर येते," मोन मला औषधांच्या खोलीत म्हणाली. "मी समजावते, ओरडते, पाया पडते. ती म्हणते, खामफानला मिळालं ते मलाही मिळू दे. ताई, वॉर्डात मी प्रत्येक पेशंटला सांगितलेलं परत म्हणून दाखवायला लावते. तिला नाही लावलं. मावशी होती ना. पुन्हा काय म्हणायला लावायचं, असं वाटलं." ती खोक्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ करत राहिली. त्या सरळच होत्या.

मी तिला म्हणाले नाही की तुझी चूक नाही. तिला ते नको होतं. मी म्हणाले, "आज सुट्टी काढ. आपण जाऊ, आणि गरज पडली तर उचलून आणू."

पण आम्ही पोचलो तेव्हा चांथोन आधीच तिथे होती. घराच्या पायरीखाली तिच्या वहाणा दिसल्या. आम्ही वर गेलो नाही, जिन्यातच थांबलो. वरून आवाज येत होता.

"मावशी, तुला माझी क्षमा हवी असेल तर ती आज माझ्याकडे नाही. उद्या असेल की नाही तेही ठाऊक नाही. पण बाबांना बदकं राखायला मी पाठवलं. विडीवरून मीच भांडले होते. तळ्यात तू ओतलंस. गोळ्या त्या बदमाशाने बनवल्या. मग कोणाकोणाला मारत बसायचं?"

वर फळ्या करकरल्या, कुणीतरी पुढे सरकलं.

"एका घरातून एक माणूस गेलं, पुरे झालं. बाबांच्या शंभराव्या दिवशी भिक्खूंना जेवण घालायचंय. गावात तुझ्यासारखा भात कुणाला वाफवता येत नाही. तू असायला हवीस. घे ती गोळी."

मग पाण्याचा पेला फळीवर ठेवल्याचा आवाज. मोन माझ्या शेजारी पायरीवर खाली बसली, गुडघ्यांत डोकं घालून. चांथोन उतरली, आमच्याकडे बघून मान हलवली आणि वहाणा पायांत सरकवून गेली.

त्यानंतरचे महिने सोपे नव्हते. डोस उतरत गेले तशी दुखणी परत आली. बुआफानआजी जिना चढताना मोनच्या सात पिढ्या उद्धरायची. "त्या काळ्या औषध होत्या, ही तुझी पांढरी म्हणजे निव्वळ पाणी!" मोन ऐकून घ्यायची, गुडघ्याला पट्टा बांधून द्यायची, व्यायाम करून दाखवायची, आणि आजी शिव्या देत देत व्यायाम करायची. दोघंजण मधेच दुसरीकडून काळ्या गोळ्या आणून खाऊ लागले. ते सामरानमावशीला कळलं आणि ती मोनला घेऊन त्यांच्या दारी गेली. एकाने दार उघडलं, एकाने नाही. ती पुन्हा गेली. पिकअपवाल्याचं डॉक्टरांनी वर कळवलं होतं. तो आमच्या बाजारात परत दिसला नाही, पकडलाही गेला नाही.

खामफानआजोबांच्या शंभराव्या दिवशी मी गेले होते. मावशी पहाटेपासून चुलीशी होती. भिक्खू जेवून उठल्यावर गावजेवण बसलं. ती टोपल्या घेऊन वाढत फिरत होती, कुणी घेत होतं, कुणी हात आडवा धरत होतं. आजोबांच्या धाकट्या भावाने तिच्या हातचं घेतलं नाही. ती त्याच्यासमोरून पुढे सरकली, पुढच्या पानात वाढलं.

मोन तिच्या मागोमाग भाजीचं भांडं घेऊन चालली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वॉर्डात एक नवी बाई आली होती, लघवी बंद झालेली, आणि डॉक्टर फिरावत विचारत होते की तिला आधी मिळत असलेल्या औषधांतलं काय काय थांबवायचं. मोनने भांडं माझ्या हातात दिलं आणि जिन्याकडे जात फोनवर विचारू लागली, "शुद्धीत आहे का? मग तिलाच फोन द्या जरा, घरी काय काय घेते ते तिच्याच तोंडून ऐकते."